फुकटच्या सॉफ्टवेअरवर भांडायचं की नाही?

प्रश्न: बरीच वर्षं एक ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) ॲप वापरतोय. नव्या व्हर्जनमध्ये रोज लागणारं एक बटणच काढून टाकलंय. तक्रार टाकली तर उत्तर आलं, "हवं असेल तर कोड लिहून पाठवा." अहो मी अकाउंट्सवाला, कोड कुठून लिहू? फुकट देतात म्हणून काहीही ऐकून घ्यायचं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: राग साहजिक आहे, उत्तर उद्धटच आहे ते. पण आधी बघा की त्या ॲपमागे कोण बसलंय, पगारी टीम की नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणारा एकटा माणूस.

कंपनी असेल तर खुशाल भांडा. सेंटओएस ८ या फुकटच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं ठरलेलं, त्या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की २०२१ संपलं की बंद. बोंब झालीच, पण त्यातूनच तिच्या जागी वापरता येणारे रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्सही उभे राहिले.

बटणाचं म्हणाल तर २०११ मध्ये ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपचं तिसरं व्हर्जन, ग्नोम ३, आलं तेव्हा मिनिमाइझचं बटणच गायब! खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेला, तरी डिफॉल्टमध्ये ते बटण आजही नाहीये. ज्यांना जुनंच हवं होतं त्यांनी ग्नोम २ चा कोड घेऊन माटे नावाचं वेगळं डेस्कटॉप चालू केलं.

एकटा माणूस असेल तर मात्र जपून. एक्सझेड नावाचं कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं, ते लासे कॉलिन एकटाच बिनपगारी सांभाळायचा. २०२२ मध्ये त्याच्यामागे लोक लागले, अपडेट का रखडलेत, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. तो म्हणाला की हा माझा छंद आहे आणि मानसिक त्रासही चालू आहे, पण टोमणे काही थांबले नाहीत. शेवटी मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या कुणाला तरी त्याने कोड बदलायचे हक्क दिले आणि त्या टॅननेच २०२४ मध्ये आत चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने खोदून बघितलं आणि मार्चमध्ये ते उघडं पडलं, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. टोमणे मारणारी ती खाती खोटी, त्याच कटातली असावीत असा दाट संशय आहे, पण ती खपून गेली कारण खरे युजरही तसंच बोलतात हो!

तुमच्या बटणासाठी आधी एखादं एक्स्टेन्शन (ॲपला वरून जोडायची छोटी सोय) मिळतंय का बघा. नसेल तर पुन्हा लिहा, पण "परत आणा" एवढंच नको, त्या बटणाने तुमचं कुठलं काम व्हायचं आणि आता किती क्लिक जास्त लागतात ते स्क्रीनशॉटसकट टाका.