इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमध्ये कूलंट शिरलंय. मोटर ठाण्यात पुन्हा बांधून मिळेल का, आणि परत गळू नये म्हणून काय करावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टॅक्सीत चाललेली इलेक्ट्रिक कार सेकंडहँड घेतली, १,८०,००० किमी झालेत. कूलंटची बाटली आठवड्याला बोटभर उतरते, पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब दिसत नाही. सकाळी गाडी थंड असताना इन्सुलेशनचा फॉल्ट (हाय व्होल्टेजची वीज बॉडीकडे झिरपत असल्याचा इशारा) येतो, कधीकधी दुपारी आपोआप जातो. घोडबंदर रोडवरचं गॅरेज सरळ "मोटर रिवाइंड करा" म्हणतंय, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळा.

वॉरंटीचं आधी. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बॅटरी आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, यातलं जे आधी होईल ते, असं देतात. तुमची किलोमीटरवर संपलेली दिसते. तरी पुस्तिका एकदा काढून वाचा, कारण मोटर एकदा बाहेर उघडली की मागे फिरता येत नाही.

मोटर बांधून मिळेल. वागळे इस्टेटमध्ये आणि रबाळे-महापे-पावणे पट्ट्यात कारखान्यांच्या मोटरी रिवाइंड करणारे, चांगले लेथवाले, ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारे, सगळे आहेत. गडबड होते ती कामाच्या क्रमात. मोटर उघडली की सगळ्यांची नजर तांब्यावर जाते, आणि पाणी आलं कुठून हे बघायचं राहून जातं. नवं वाइंडिंग त्याच गळक्या जॅकेटमध्ये (मोटरभोवतीचं, कूलंट फिरणारं कवच) बसवलं तर ते पैसे पाण्यातच गेले, अगदी शब्दशः. म्हणून रिवाइंडिंगला हो म्हणण्याआधी पुढचं करून घ्या.

पहिली खात्री: फॉल्ट मोटरचाच आहे का? एसीचा कॉम्प्रेसर, केबिनचा हीटर, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा), चार्जर, बॅटरी, यांपैकी कुणीही हाच फॉल्ट देऊ शकतं. एकेक वेगळं करून मोजावं लागतं, आणि हे काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्यानेच करायचं. १२ व्होल्टची निगेटिव्ह काढायची, सर्व्हिस डिस्कनेक्ट (हाय व्होल्टेज तोडणारा प्लग) काढून खिशात ठेवायचा, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबायचं, मग १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून इन्व्हर्टरच्या डीसी टोकांवर शून्य मोजायचं. मीटर आधी आणि नंतर १२ व्होल्टच्या चालू बॅटरीवर लावून बघायचा, म्हणजे मीटरच मेलेला नव्हता हे कळतं. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात त्यानंतर.

मोटरच्या तिन्ही फेज केबल इन्व्हर्टरपासून सोडवून, फक्त मोटर आणि बॉडी यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा मीटर) मारा. केबल सोडवल्याशिवाय मेगर अजिबात नको, इन्व्हर्टरचे स्विच उडतील. भारतीय एआयएस-०३८ मानकात मोटरसारख्या एसी बाजूसाठी किमान मर्यादा व्होल्टमागे ५०० ओम आहे. म्हणजे ३२० व्होल्टच्या गाडीला १.६ लाख ओम, ०.१६ मेगाओम. गाडी फॉल्ट देते ती याच्या आसपास. चांगली मोटर मात्र शेकड्यांनी मेगाओम दाखवते. त्यामुळे मेगरवर ३-४ मेगाओम आलं आणि कुणी "लिमिटच्या वर आहे, चालतंय" म्हणालं, तर ऐकू नका. ती मोटर ओली आहे.

तुमचा फॉल्ट सकाळी येतो त्याचं कारणही यातच आहे. रात्रभरात पाणी खाली उतरतं आणि स्टेटरच्या (मोटरचा न फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) तळाशी वाइंडिंगची जी वळणं बाहेर येतात ती भिजतात. गाडी चालून गरम झाली की ओल पसरते, थोडी उडते, आकडा वर जातो.

दुसरी खात्री: आत आलेलं पाणी कूलंटच आहे का? पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांमध्ये हा घोटाळा नेहमी होतो. मोटरला श्वास घ्यायला एक छोटा ब्रीदर असतो, आत पाणी न जाऊ देणारा पडदा. तो चिखलाने बुजला आणि तापलेली मोटर गार पाण्यात बुडली, की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठांतून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. त्यात बाटली उतरत नाही. तुमची उतरतेय, म्हणजे संशय कूलंटवरच. पक्कं करायचं तर मोटरचा सर्वांत खालचा प्लग किंवा सेन्सरचं झाकण काढून जे निघेल ते रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट तपासायचं छोटं उपकरण) ठेवा. कूलंटमधलं ग्लायकॉल लगेच दिसतं, बोटाला चिकटही लागतं. त्याच वेळी गिअरबॉक्सचं ऑइल बघा. दुधाळ असेल तर पाणी तिकडेही पोचलंय. आणि होजच्या तोंडाशी रंगीत किंवा पांढरा थर साचलाय का तेही. बारीक बाहेरची गळती गरम बॉडीवर सुकते आणि खाली थेंब पडतच नाही.

आता मोटर उघडणं. मॅग्नेटवाली मोटर असेल तर रोटर (आतला फिरणारा भाग) हाताने ओढायचा नाही. मॅग्नेट त्याला बाजूला खेचून स्टेटरवर आपटवतात. बोटं जातात, वाइंडिंगही जातं. दोन्ही टोकांना शाफ्ट धरून सरळ बाहेर काढणारा जिग लागतो. पेसमेकर असलेल्या माणसाने त्या टेबलाजवळ थांबू नये. रोटर निघाला की लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळा, लेथजवळ ठेवला तर लोखंडाचा भुगा ओढून घेईल आणि तो पूर्ण कधीच निघत नाही. रिझॉल्व्हर (रोटरची स्थिती सांगणारा सेन्सर) काढण्यापूर्वी जागेवर खूण करा. नंतर स्कॅनरने त्याचा ऑफसेट परत शिकवावा लागतो, नाहीतर गाडी धक्के देते.

मग स्टेटरला हात न लावता जॅकेट तपासा. कूलंटची दोन्ही तोंडं प्लगने बंद करून कोरड्या हवेचा १.५ बार दाब द्या, तोही रेग्युलेटरमधून. कॉम्प्रेसरचा ८ बार थेट सोडला तर जॅकेटची आतली पातळ स्लीव्ह (नळकांडं) फुगते आणि चांगलं जॅकेटही गळकं होतं. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. स्टेटर काढलेलं नुसतं हाउसिंग असेल तर पाण्याच्या टबात बुडवणं सर्वांत उत्तम, बुडबुडा जागा दाखवतो. अर्धा तास दाब धरून बघा. हवा ३ अंश गार झाली तरी काटा सुमारे २५ मिलिबार उतरतो, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी तापमान लिहा. थंडीत पास झालेलं जॅकेट ६०-७० अंशांवर परत तपासा. ॲल्युमिनियम फुगल्यावर सुटणारी गळती थंड चाचणीत सापडत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात.

गळती बहुतेक ओ-रिंगच्या खाचेतच निघते. आतली स्लीव्ह आणि बाहेरचं हाउसिंग यांच्यामध्ये दोन टोकांना ओ-रिंग असतात, किंवा शेवटच्या झाकणाखाली असते. ग्लायकॉलसाठी ईपीडीएम रबर हवं. हार्डवेअरच्या दुकानात डब्यातून मिळते ती काळी ओ-रिंग बहुधा एनबीआर असते. ऑइलला छान, पण गरम कूलंटमध्ये वर्ष-दोन वर्षांत कडक होते. उलट ईपीडीएमला पेट्रोलियमचं ग्रीस लागलं तर ती फुगते. बसवताना सिलिकॉन ग्रीस किंवा थोडं कूलंटच लावा. रिंग खाचेत २० ते २५ टक्के दबली पाहिजे: ३ मिमी जाडीच्या रिंगला खाच साधारण २.३ मिमी खोल. कमी दाबली तर थंडीत गळते, जास्त दाबली तर बसवतानाच कापली जाते. स्लीव्ह ज्या कडेवरून आत सरकते ती कड धारदार असेल तर पॉलिश पेपरने मोडून घ्या. नवी रिंग पहिल्याच दिवशी कापली जाते ती तिथे.

खाचेत काळे-पांढरे खड्डे दिसले तर कारण कूलंटमध्ये घातलेलं पाणी. क्लोराइड असलेलं पाणी ॲल्युमिनियमला टोचून खातं. घोडबंदर पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्यांत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी येतं, आणि बाटली उतरली की तेच मगभर ओतलं जातं. असा खड्डा सिलिकॉनने भरून चालत नाही. वेल्डिंगने भरून लेथवर खाच नव्याने कापावी लागते, नाहीतर हाउसिंग बदला.

झाकणाच्या सपाट जोडावर सीलंट लागत असेल तर कंपनीने सांगितलेलाच वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन मोटरजवळ नको, त्याच्या आम्लाने तांबं गंजतं; न्यूट्रल क्युअरचा घ्या. थर जाड लावला की आत फुगलेला तुकडा तुटून कूलंटच्या वाटेत अडकतो.

स्टेटर हाउसिंगमधून काढायचाच असेल तर हाउसिंग ओव्हनमध्ये एकसारखं तापवा, टॉर्चने एका बाजूला नाही. २०० मिमी व्यासावर १२० अंश चढवले की ॲल्युमिनियम सुमारे अर्धा मिमी फुगतं. लोखंडही तितकंच तापलं तरी पाव मिमी जागा सुटते, स्टेटर वजनाने खाली येतो. हातोडा लागला तर तापमान कमी पडलंय. थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) आणि प्लास्टिकचे कनेक्टर आधी काढून ठेवा.

आता तांबं. जळल्याचा काळा डाग नसेल, तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मायक्रो-ओम मीटरवर १-२ टक्क्यांच्या आत जुळत असेल आणि सर्ज टेस्टमध्ये (वाइंडिंगला क्षणभर जास्त व्होल्टेज देऊन घेतलेली चाचणी) तिघांच्या लहरी सारख्या आल्या, तर रिवाइंडिंगची गरज नाही. स्टेटर फक्त घाण झालाय. तो नुसता भट्टीत सुकवणं ही मला सर्वांत जास्त खटकणारी पद्धत. शंभर अंशांवर पाणी उडतं, पण ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १९७ अंश आहे. ते आणि कूलंटमधले क्षार तारांमध्ये तसेच राहतात आणि हवेतली ओल परत ओढतात. भट्टीतून काढल्यावर मेगर सुंदर येतो, जुलैच्या हवेत आठवडाभरात परत पडतो.

म्हणून आधी धुणं. कोमट डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात स्टेटर बुडवायचा, हलवायचा, पाणी बदलायचं. प्रेशर वॉशर नको, स्लॉटचा इन्सुलेशन पेपर सरकतो. किती वेळा धुवायचं हे साध्या टीडीएस मीटरवरून ठरवा: निघणाऱ्या पाण्याचा आकडा ताज्या पाण्याच्या जवळ आला की थांबा. मग १०० ते ११० अंशांवर सुकवणं, दर तासाला मेगर. सुरुवातीला आकडा खाली जाईल, घाबरू नका, गरम इन्सुलेशन कमीच दाखवतं. नंतर चढेल आणि एका जागी थांबेल. थांबला की बाहेर काढा, ४० अंशांपर्यंत गार होऊ द्या, परत मोजा. औद्योगिक मोटरींच्या मानकात अशा वाइंडिंगला ५ मेगाओम किमान धरतात. भिजलेल्या गाडीच्या मोटरला मी १०० च्या खाली झाकण लावू देणार नाही. दहाव्या मिनिटाचा आकडा पहिल्या मिनिटाच्या दुपटीच्या पुढे असेल तर आणखी चांगलं. वार्निश त्याच दिवशी, कोमट असतानाच. पावसाळ्यात रात्रभर उघडं ठेवलं तर सुकवणं फुकट.

रिवाइंड करावंच लागलं तर आधी वाइंडिंग बघा. गोल तारेचं असेल तर चांगलं वर्कशॉप करू शकेल: इन्व्हर्टर ग्रेडची, जास्त उष्णता सोसणारी क्लास एच तार, स्लॉटमध्ये नोमेक्सचा इन्सुलेशन पेपर, वार्निश व्हॅक्युममध्ये. जाड चपट्या पट्ट्यांचं, म्हणजे हेअरपिन असेल, तर स्टेटर अख्खा बदला. ते हाताने होणारं काम नाही.

बेअरिंग नवीनच घाला. ग्रीसला कूलंट लागलं की बेअरिंग संपलं, हाताने फिरवून कितीही गुळगुळीत वाटो. जुन्या बेअरिंगच्या रेसवर समान अंतराच्या आडव्या रेघा दिसल्या तर शाफ्टमधून करंट जात होता. मग जागेवर शाफ्ट ग्राउंडिंगची रिंग आहे का बघा, किंवा सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग घ्या.

काही मोटरींत कूलंट थेट पोकळ रोटरच्या शाफ्टमधून फिरतं. टेस्ला मॉडेल एसचं मोठं ड्राइव्ह युनिट तसंच आहे, आणि त्याच्या सीलची गळती जगभर प्रसिद्ध आहे. तशा मोटरला ओ-रिंगपेक्षा फिरत्या सीलची काळजी. ३५ मिमी शाफ्ट १५,००० फेऱ्यांवर सीलखालून सेकंदाला सुमारे २७ मीटर सरकतो. साधं एनबीआर सील त्याच्या निम्म्यालाच दम टाकतं, पीटीएफई (टेफ्लॉन) ओठाचं लागतं. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल. ती जागा ग्राइंड करा, लेथवर पेपर ओढून नाही: त्याने आटेदार रेघा पडतात आणि त्या कूलंट पंपासारख्या ढकलतात. तुमच्या मोटरला जॅकेट असेल तर हे सगळं सोडून द्या.

जोडणी झाल्यावर गाडीत बसवण्यापूर्वी जॅकेटची हवेची चाचणी आणि मेगर, दोन्ही परत. आकडे तारखेसकट लिहून मागा. जे गॅरेज हे दोन आकडे द्यायला तयार नाही तिथे मोटर देऊ नका.

भरताना कंपनीने सांगितलेलं तयार कूलंट घ्या, दोन रंग मिसळू नका. प्लास्टिकच्या तोंडावर स्क्रूचा क्लॅम्प आवळून आवळून तडा जातो, मूळचा स्प्रिंग क्लॅम्पच परत लावा. शक्य तर व्हॅक्युमने भरा, नाहीतर स्कॅनरने पंप चालवून हवा पूर्ण निघेपर्यंत थांबा. ब्रीदरही याच वेळी साफ करा किंवा बदला.

बाटलीवर मार्करने रेघ मारा. पहिल्या १०० किमीत थोडी उतरेल, ती अडकलेली हवा. एकदा भरून घ्या. त्यानंतर थंड गाडीत, त्याच सपाट जागेवर बघताना रेघ हलता कामा नये. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर इन्सुलेशन रेझिस्टन्सचा चालू आकडा दिसतो. पहिल्या दिवशीचा लिहून ठेवा आणि पावसाळ्यातल्या एखाद्या ओल्या सकाळी परत वाचा. आकडा आणि बाटली दोन्ही उतरत असतील तर जॅकेट परत उघडायला लागेल. फक्त आकडा उतरत असेल तर आधी ब्रीदर, केबलच्या ग्लँड आणि कनेक्टरची रबरं बघा, मोटर नंतर.