खानापुरात कौलारू घर आहे, हॉल १२ बाय १४ फूट. होम थिएटरला ५.१ घ्यावं की ॲटमॉस?

सरळ ५.१ घ्या (म्हणजे पाच स्पीकर आणि जड, खोल आवाजाचा एक सबवूफर), छताकडे आवाज फेकणाऱ्या ॲटमॉस स्पीकरवर पैसे घालू नका. त्यांचा आवाज सपाट छतावर आपटून खाली आला, तरच तो डोक्यावरून आल्यासारखा वाटतो. उतरत्या कौलांवरून तो भलतीकडेच जातो (आणि खानापूरच्या पावसात वरून आवाज काय कमी येतो?). बेळगाव-खानापूर भागात सिस्टीम बसवायचंच काम करतो, त्यामुळे हे ऐकून-बघून सांगतोय. जास्तीचे पैसे मधल्या स्पीकरवर घाला, सिनेमातलं बहुतेक बोलणं तिथूनच येतं. मांडणी अशी:

- पुढचे दोन: बसायच्या जागेवरून मधल्या रेषेच्या ३० अंश डावी-उजवीकडे
- मागचे दोन: ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानाच्या जरा मागे
- सबवूफर: अगदी कोपऱ्यात कोंबू नका, घुमतो

टीव्हीला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच सिस्टीमकडे पाठवायची सोय) आहे का तेही आधी बघून घ्या. कौलांखाली सपाट फॉल सीलिंग केलेलं असेल आणि ते ८ ते १२ फुटांवर असेल, तर मात्र ५.१.२ (५.१ अधिक छताकडे आवाज फेकणारे दोन ॲटमॉस स्पीकर) चालेल.