डायलिसिस आणि कमरख

प्रश्न : वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं. परसातल्या कमरखाची एखादी फोड त्यांना चालेल का?

उत्तर : नाही, एकही फोड नको. कमरखात (स्टारफ्रूट) भरपूर ऑक्झॅलेट आणि मज्जासंस्थेला घातक कॅरॅम्बॉक्सिन असतं. निरोगी मूत्रपिंडं ते लघवीवाटे टाकतात, निकामी झाल्यावर ते रक्तात साचतं. अर्ध्या फळानेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. केळं-शहाळ्यासारखा हा नुसता पोटॅशियमचा प्रश्न नाही. रस, लोणचंही वर्ज्य. रस तर जास्तच वाईट, कारण एका पेल्यात कितीतरी फळं जातात.

चुकून खाल्लं आणि उचकी थांबेना, तर साखर-पाण्यावर वेळ घालवू नका. पुढे उलट्या, असंबद्ध बोलणं, झटके येऊ शकतात. डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय तत्काळ गाठा आणि ‘कमरख खाल्लंय’ हे आधी सांगा.