पिंप न उघडता युरेनियम मोजणे: याला ‘अविनाशी परीक्षण’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: किरणोत्सर्गी कचऱ्याच्या बंद पिंपात किती युरेनियम आहे, हे पिंप न फोडता ठरवण्याच्या पद्धतीला, म्हणजे ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह अ‍ॅसे’ला, मराठीत ‘अविनाशी परीक्षण’ म्हणणे योग्य होईल का?

माझ्या मते यातली दोन्ही पदे बदलावीत. ‘अविनाशी’ म्हणजे ज्याला नाश नाही ते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ‘अविनाशि तु तद्विद्धि’ आत्मतत्त्वाविषयी आहे आणि मराठी वाचकाच्या कानात हा शब्द त्याच अर्थाने रुजला आहे. येथे मात्र चाचणीमुळे वस्तूचा नाश होत नाही, एवढेच सांगायचे आहे. नाश पावणारा आणि नाश करणारा यांतला हा फरक ‘अविध्वंसक’ या शब्दात शाबूत राहतो. चार ग्रॅम नमुना काढून तपासणीसाठी आम्लात विरघळवण्याला ‘विध्वंस’ म्हणणे जरा भारदस्त वाटते, हे मान्य करूनही मी तोच शब्द पत्करीन.

‘परीक्षण’ हा शब्द वेल्डिंगचा सांधा क्ष-किरणांनी तपासण्यासाठी ठीक आहे, कारण तेथे दोष आहे की नाही एवढेच पाहायचे असते. पिंपाच्या बाबतीत उत्तर ग्रॅममध्ये हवे असते. ‘अ‍ॅसे’ हा शब्द मौल्यवान धातूंच्या व्यवहारात मुरलेला आहे आणि त्या व्यवहारात मराठीत ‘कस’ हा अस्सल शब्द आहे. तो येथे मात्र दोन कारणांनी अडतो. सोनार कसोटीच्या दगडावर सोने घासूनच कस पाहतो, म्हणजे घासणे त्या शब्दाच्या मुळातच आहे. शिवाय कस शुद्धता सांगतो, वजन नव्हे. पारिभाषिक वळणाचे ‘आमापन’ वाचकाला छपाईची चूक वाटेल. म्हणून ‘अविध्वंसक मापन’ लिहावे, आणि पहिल्या उल्लेखात सरळ ‘पिंप न उघडता केलेले मापन’ असे म्हणावे.

पिंप का उघडायचे नाही, हेही मजकुरात यावे. साधारण २०० लिटरच्या पिंपात हातमोजे, कागद, नळ्यांचे तुकडे, गाळण्या असा सरमिसळ माल असतो. त्यातून काढलेला चिमूटभर नमुना साऱ्या पिंपाची साक्ष देऊ शकत नाही आणि उघडणाऱ्या माणसाला किरणोत्सर्गी प्रदूषणाचा धोका पत्करावा लागतो.

‘मापन’ हा शब्द वापरताना एक सावधगिरी बाळगावी. प्रत्यक्ष मोजले जातात ते किरण. युरेनियमचे वजन त्यांवरून गणिताने काढले जाते. युरेनियम-२३५ या समस्थानिकातून (युरेनियमच्या एका प्रकारच्या अणूंतून) १८६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात, पण युरेनियम धातूचा गोळा असेल तर ते त्याच्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या बाहेरच्या थरातूनच बाहेर येतात आणि आतला भाग संवेदकाला दिसतच नाही. युरेनियम-२३८ या दुसऱ्या समस्थानिकाची मोजणी बहुधा त्याच्या वंशजावरून, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून तयार होणाऱ्या मूलद्रव्यावरून, होते: प्रोटॅक्टिनियम-२३४ च्या अर्धस्थिर रूपातून निघणाऱ्या १००१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांवरून. युरेनियम नुकतेच रासायनिक रीतीने वेगळे केलेले असेल तर हा वंशज पुरेसा तयार झालेला नसतो. या साखळीत मध्ये येणाऱ्या थोरियम-२३४ चा अर्धायुकाल (निम्मे अणू ऱ्हास पावण्याचा काळ) सुमारे २४ दिवसांचा असल्याने काही महिने थांबावे लागते, नाहीतर आकडा कमी येतो. पिंप फिरवत, त्याचे आडवे थर एकेक करून मोजत आणि पलीकडून ज्ञात तीव्रतेच्या किरणोत्सर्गी उगमाचे किरण आरपार सोडून मालात किती किरण शोषले जातात ते पाहत दुरुस्ती केली जाते. तेव्हा मराठीत ‘इतके ग्रॅम सापडले’ असे न लिहिता ‘इतके ग्रॅम असल्याचे मापनातून दिसते’ असे लिहावे आणि अनिश्चिततेचा आकडा गाळू नये.

याच मजकुरात पुढे ‘पॅसिव्ह’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ येतील. ‘निष्क्रिय पद्धत’ वाचून पद्धतच कुचकामी असल्याचा भास होतो. ‘स्वतःच्या किरणांवरून’ आणि ‘बाहेरून न्यूट्रॉन सोडून’ असे फोडून लिहिलेले बरे. युरेनियमला दुसरी पद्धत का लागते, हेही त्यातून कळते. एक किलो युरेनियम-२३८ मधून आपोआप होणाऱ्या विखंडनाने (अणुकेंद्र फुटण्याने) सेकंदाला तेरा-चौदाच न्यूट्रॉन निघतात, तर एका ग्रॅम प्लुटोनियम-२४० मधून सुमारे हजार. म्हणून न्यूट्रॉन सोडणाऱ्या कॅलिफोर्नियम-२५२ चा उगम पिंपाजवळ नेऊन युरेनियम-२३५ चे विखंडन घडवतात, उगम चटकन मागे घेतात आणि मग उशिरा सुटणारे न्यूट्रॉन मोजतात. या न्यूट्रॉनांना ‘विलंबित न्यूट्रॉन’ म्हणण्यास माझी काहीच हरकत नाही.