घडीची कयाक (सांगाड्यावर कापड ताणून बनवलेली, सुटी करून घडी घालता येणारी अरुंद वल्हवायची होडी) पाण्यात अधिक स्थिर आणि सुरक्षित कशी करता येईल?

कडांच्या आतून हवेच्या लांब नळ्या असलेली कयाक घ्यावी. सांगाडा बसवल्यावर नळ्या फुगवल्या की वरचे कापड घट्ट ताणले जाते, कलंडण्याला अटकाव होतो आणि आत पाणी शिरले तरी होडी तरंगत राहते. जर्मन डॉक्टर हान्नेस लिंडेमान यांनी १९५६ साली क्लेपर कंपनीच्या अशाच होडीतून ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला, तेव्हा त्यांनी मोटारीच्या ट्यूबची उलांडीही (होडी कलंडू नये म्हणून लावलेला तरंगता आधार) बाजूला बांधली होती. कोकणातल्या कोळ्यांना ही युक्ती नवीन वाटणार नाही. जड सामान तळाशी, मधोमध बांधावे. लाइफ जॅकेटबाबत तडजोड नकोच, आणि उलटलेल्या होडीत पुन्हा चढण्याचा सराव किनाऱ्याजवळच, कुणीतरी सोबत असताना करावा.