विमानं डोंगरात का पडतात, हे तिला शोधायचंय

पत्र (थोडक्यात): माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. नेपाळमध्ये पोखऱ्याहून जोमसोमला जाणारं विमान पडलं, तेव्हापासून तिला दुर्गम भागातल्या विमान अपघातांचा नाद लागलाय. रात्री उशिरापर्यंत त्याचेच व्हिडिओ बघते. वहीत दऱ्यांचे नकाशे काढते, डोंगरांची उंची लिहिते, वारा कुठून होता ते बाणांनी दाखवते. ‘अपघात का झाला ते शोधायचं काम मला करायचंय’ म्हणते. सासूबाईंना हे अभद्र वाटतं. तिच्या बाबांना वाटतं, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं. असं करिअर असतं का? आणि या वयात अपघातांचंच वेड बरं का? — एक आई, मुलुंड

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. लेकीचं जेवण, झोप, मैत्रिणी, अभ्यास जागच्या जागी असेल तर घाबरू नका. विमानात बसायच्या कल्पनेने तिला घाम फुटत असेल किंवा मृतांचे फोटोच ती शोधत असेल, तर मात्र आधी समुपदेशकाकडे न्या, करिअरचं नंतर पाहू. पण बाण काढून वाऱ्याची दिशा दाखवणारी मुलगी मरणात रमलेली नसते, तिला कारण हवं असतं. सासूबाईंनाही तिची ती वही एकदा दाखवाच.

हो, असं काम असतं. भारतात २०१२ पासून नागरी विमानांच्या अपघातांचा तपास एअरक्राफ्ट ॲक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्यूरो, म्हणजे एएआयबी करते. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर हे नाव घरोघरी पोचलं. अमेरिकेत एनटीएसबी आहे, फ्रान्समध्ये बीईए. कोर्स आणि कॉलेजं पुढे सांगते. त्याआधी हे काम कसं चालतं ते सांगायला हवं, कारण व्हिडिओंतून त्याची चुकीची कल्पना होते.

तिच्या मनात बसलेला अपघातच घेऊ. २९ मे २०२२, तारा एअरचं ट्विन ऑटर जातीचं छोटं विमान, २२ जण, त्यात ठाण्याकडचे चार. कुणीच वाचलं नाही. व्हिडिओ सांगतात: ढगात शिरलं, डोंगरावर आदळलं. नेपाळच्या चौकशी आयोगाच्या अहवालातही हे आहे, पण सोबत आणखी एक गोष्ट आहे. जमीन किंवा डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा त्या वेळी गप्प करून ठेवलेली होती. वाचणारा इथे वैमानिकावर चिडतो. तपास करणाऱ्याने मात्र इथूनच सुरुवात करायची असते. अरुंद दरीत दोन्ही बाजूंना डोंगरच असतात, त्यामुळे स्वच्छ उन्हातही ही यंत्रणा ओरडत राहू शकते. सोसायटीत कुणाच्या गाडीचा अलार्म रोज रात्री उगाच वाजू लागला, की चौथ्या रात्री खिडकी उघडायला कुणी उठत नाही, तसंच हे. मग प्रश्न वाढतात. अशा दऱ्यांसाठी ती यंत्रणा योग्य होती का? ती गप्प करून ठेवायची सवय एकट्याची की सगळ्यांची? ढग बघून माघारी फिरणाऱ्या वैमानिकाला कंपनीत शाबासकी मिळते की बोलणी?

डोंगराळ भागात चुकीला जागाच कमी असते. सकाळी शांत असलेल्या दरीत दुपारकडे वारा उठतो, ढग चढतात. उंचावर हवा विरळ, म्हणून विमानाला उडायला जास्त धावावं लागतं आणि वळायला जास्त जागा लागते. दरीत नेमकी तीच नसते. नेपाळातल्या लुक्लाची धावपट्टी २,८४५ मीटर उंचीवर आहे आणि तिची लांबी फक्त ५२७ मीटर. आपल्या मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे. लुक्लाला एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला खोल दरी. उतरताना काही बिनसलं तर पुन्हा वर उठून फेरी मारणं तिथे जवळपास अशक्य.

मुंबईकरांना जवळचा असलेला एक अपघात तिला माहीत असेलच. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ नावाचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. ते मुंबईहून निघालेलं, लंडनला चाललेलं, ११७ जण होते, त्यांत डॉ. होमी भाभा. या अपघातामागे कट होता असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. अधिकृत चौकशीत जे निघालं ते अगदी साधं आहे. दिशा दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बिघडलेलं होतं. विमान नेमकं कुठे आहे हे रडारवरच्या नियंत्रकाने कळवलं, पण ते वाक्य पुरेसं नेमकं नव्हतं, आणि शिखर मागे पडलं अशी कॅप्टनची समजूत होऊन विमान खाली येत राहिलं. कटाच्या गोष्टीतून पुढचं एकही विमान वाचत नाही. बोलण्यातली संदिग्धता सापडली, तर रेडिओवर काय आणि कसं बोलायचं याचे नियम कडक करता येतात. लेकीला हा फरक समजावून सांगा, कारण या पेशाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

कारण शोधणं किती नाजूक असतं, हे एरेबसच्या प्रकरणात सगळ्यांत जास्त दिसतं. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचं डीसी-१० प्रवाशांना अंटार्क्टिका दाखवायला गेलं आणि माउंट एरेबसच्या उतारावर आदळलं. २५७ जण गेले. तपास प्रमुखांच्या पहिल्या अहवालाने मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला: ठरलेल्या उंचीच्या खाली आले, जागेची खात्री नसताना पुढे गेले. मग न्यायमूर्ती पीटर मॅहन यांचा चौकशी आयोग बसला. वैमानिकांना दाखवलेला मार्ग मॅकमर्डो साउंड या समुद्रभागाच्या सपाट बर्फावरून जाणारा होता. उड्डाणाआधी काही तास कंपनीने कॉम्प्युटरमधले मार्गाचे आकडे बदलले आणि मार्ग थेट एरेबसवरून गेला, पण वैमानिकांना हे कुणी सांगितलंच नाही. वर ढग, खाली बर्फ, मधला उजेड असा पसरलेला की समोरचा चढ सपाट भासावा. ते समोर बघत होते आणि डोंगर त्यांना दिसत नव्हता. मॅहन यांनी १९८१ मध्ये दोष कंपनीच्या कारभारावर ठेवला. त्यांच्या काही निष्कर्षांवर नंतर मोठा वाद झाला. २०१९ मध्ये, ४० वर्षांनी, न्यूझीलंड सरकारने मृतांच्या कुटुंबीयांची माफी मागितली. त्या ४० वर्षांत वैमानिकांच्या घरच्यांनी काय सोसलं असेल, याचा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. अपघाताच्या तपासाचा एकमेव उद्देश पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा नाही, असं आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट सांगतात. हे का, ते या प्रकरणावरून कळतं.

आता मार्ग. बारावीनंतर थेट या कामात नेणारी कुठलीही सीईटी नाही, आणि तसं आमिष दाखवणाऱ्या कोर्सपासून लांब राहा. आधी विमानाशी संबंधित एखादी विद्या पक्की शिकायची, काही वर्षं काम करायचं, मग तपासाकडे वळायचं. कुठली विद्या, ते तिच्या कलावर ठरेल. आकडेमोड आवडत असेल तर एरोस्पेस इंजिनिअरिंग. आपल्या पवईच्या आयआयटीत हा विभाग आहे, त्यासाठी जेईई ॲडव्हान्स्ड. तुटलेला धातू बघून तो एका झटक्यात तुटला की हळूहळू थकत गेला, हे ओळखण्याची उत्सुकता असेल तर मेटलर्जी. हा रस्ता फार कमी मुलांना सुचतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. हात काळे करायची तयारी असेल तर एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे एएमई. मात्र प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेची मान्यता आहे का, हे डीजीसीएच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. बीएस्सी फिजिक्स-मॅथ्स करून एअर ट्रॅफिक कंट्रोल किंवा हवामानशास्त्र हेही रस्ते आहेत. वैमानिक व्हायचं असेल तर खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा वर जातो. फी भरण्याआधी डीजीसीएची मेडिकल करून घ्या, विशेषतः रंग नीट ओळखता येतात का ते.

तिच्या बाबांनाही सांगते, तुमचं म्हणणं या वाटेच्या आड येत नाही. ब्लॅक बॉक्समधून शेकडो नोंदी दर सेकंदाला बाहेर येतात आणि त्या वाचायला कोडिंग येणारं माणूस लागतं. विमान कंपन्यांमध्ये रोजच्या उड्डाणांची अशीच माहिती चाळून धोका आधीच हेरणारे विभाग असतात. कॉम्प्युटर करूनही तिला तिथे पोचता येईल. पैशाचं म्हणाल तर तपास यंत्रणा सरकारी आहे, पगार त्याच चौकटीत. कंपन्यांच्या सेफ्टी विभागात जास्त मिळू शकतो.

एक गोष्ट तिला लपवून ठेवू नका. या कामात कुणाचं तरी जळकं सामान हातात घ्यावं लागतं आणि नातेवाइकांसमोर उभं राहावं लागतं. ठिकाणही सोपं नसतं. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ विमान अरुणाचलच्या जंगलात पडलं. तो तपास हवाई दलाचा होता, पण अवशेष नुसते दिसायलाच आठ दिवस लागले आणि तिथवर गिर्यारोहकांना पाठवावं लागलं. तेव्हा सह्याद्रीत ट्रेकला जायचं म्हणाली तर अडवू नका. फक्त मोबाइल बॅगेत ठेवून कागदी नकाशा आणि होकायंत्रावर चालायला सांगा.

आणि बेटा, हे तुझ्यासाठी. व्हिडिओ महिनाभर बंद कर. एएआयबीच्या वेबसाइटवर ७ ऑगस्ट २०२० च्या कोझिकोड अपघाताचा अंतिम अहवाल आहे, फुकट. इंग्रजी जड वाटेल, तरी रोज चार पानं वाच. पाऊस, मागून येणारा वारा, बंद पडलेला वायपर, दुसऱ्या दिवशीच्या ड्युटीचं वेळापत्रक, सगळं त्यात येतं. निष्कर्षाची पानं आधी उघडू नकोस. तुझी कारणं तू वहीत लिही, मग त्यांची वाच. कुठे जुळलं नाही ते मला कळव, आणि हे पत्र आईकडून नको, तूच लिही.