ट्रेलर डुलतोय? आधी सामान बघ

अरे, स्वे-बार, म्हणजे ट्रेलरचं डुलणं रोखणारा दांडा, विकत घ्यायला धावू नकोस. सामान चुकीचं भरलं असेल तर तो बार काय करणार? भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, यायला हवा. ३,५०० पौंडांचा ट्रेलर असेल तर ३५० ते ५२५. ब्रोशरमधला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो, म्हणून ट्रक स्टॉपच्या काट्यावर सगळं भरून मोज. तुझ्या गाडीला तेवढा भार झेपतो का, तेही बघ.

मी पहिल्याच वर्षी मागच्या बंपरवर दोन सायकली टांगल्या होत्या. त्यात पाण्याची टाकी चाकांच्या मागे, ३० गॅलन, म्हणजे २५० पौंड! सगळं वजन मागे, हिचवरचा भार हलका. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये आय-८० हायवेवर, लॅरमी गावाच्या पुढे, शेजारून सेमी (मोठा मालवाहू ट्रक) गेला आणि आरशात ट्रेलर डावी-उजवी करायला लागला. बायको बोलायची थांबली, यावरून काय ते समज.

अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, वेगही वाढवायचा नाही. स्टिअरिंग सरळ धर, अॅक्सिलरेटरवरून पाय काढ आणि ट्रेलरच्या ब्रेकचा जो कंट्रोलर गाडीत असतो, त्याची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लाव. ती कळ न बघता सापडेपर्यंत ड्राइव्हवेत सराव कर.

वेग ताशी साठ मैलांच्या आत ठेव. वारा सुटला तर सरळ थांब, चहा कर.